अकरावं शून्य

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पीएचडीला नाव घातलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, निदान हट्टानं काहीतरी करून दाखवल्याचं समाधान मिळालं असतं. नवऱ्यानं फक्त विचारलं, "गुडघ्यांना विचारलं का? डिपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर आहे."

इंदूरच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवत होते. तोच अभ्यासक्रम, तीच उदाहरणं, आणि तेच दोन विनोद, ज्यांवर आताशा मुलं हसतही नसत. आपल्याला अजून काही नवीन कळू शकतं का, हे एकदा बघावं, एवढंच मनात होतं. पण असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. म्हणून मी सगळ्यांना "प्रमोशनसाठी" असं सांगून टाकलं. ते लगेच पटलं.

भंवरकुआंजवळच्या विद्यापीठात मला जो गाइड मिळाला, तो पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. त्याला इथे 'ते' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण ज्याला मी गृहपाठ विसरला म्हणून वर्गाबाहेर उभं केलंय, त्याच्याबद्दल लिहिताना हात 'तो'च लिहितो.

पहिल्या दिवशी मी त्याच्या खोलीत शिरले आणि तो ताडकन उभा राहिला. गाइड उभा म्हटल्यावर मी बसणार कशी? आणि मी उभी म्हणून तो बसेना. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं झेंडावंदनाला उभे राहावं तसे उभे. शिपाई चहा घेऊन आला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहब, कुर्सियां टूटी हैं क्या?" मग आम्ही बसलो.

"मॅडम, तुमी मला सर म्हणू नका ना प्लीज," तो म्हणाला. त्याचं मराठी घरातल्या घरात बोलून थोडं आखडलं होतं.

"डिपार्टमेंटमध्ये म्हणावं लागेल, सर."

मी 'सर' म्हटलं की तो दाराकडे बघायचा, कोण आलं म्हणून.

विषय त्यानंच दिला. घरी तो समजावून सांगताना मात्र माझी दमछाक झाली. नवऱ्याचा पोलोग्राउंडमध्ये छोटा कारखाना आहे. चार लेथ, एक ड्रिल, आणि दुरुस्तीला आलेल्या पंपांचे ढीग. त्याला प्रत्येक गोष्ट हातात धरता येईल अशी हवी असते.

"असं समज," मी म्हटलं, "अगदी छोटे छोटे अकरा चुंबक एका ओळीत उभे केलेत. प्रत्येकाला फक्त आपला शेजारी कळतो. शेजारी वर बघतोय की खाली, त्यावरून आपण काय करायचं ते तो ठरवतो."

"आपल्या कॉलनीसारखं."

"हो. आता शेवटचा चुंबक पहिल्याला जोडला की गोल झाला. या सगळ्या गोलाचा हिशेब एका मोठ्या तक्त्यात मांडतात. त्याला ट्रान्सफर मॅट्रिक्स म्हणतात. त्या तक्त्यातून एक राशी निघते. तिच्यात आपण एकेक संख्या घालून बघायची. काही संख्या अशा असतात की त्या घातल्या की ती राशी शून्य होते. अकरा चुंबक असतील तर अशा अकरा जागा. त्या कागदावर ठिपके म्हणून काढता येतात. ते ठिपके कुठे बसलेत हे कळलं की चुंबकांच्या गोलाबद्दल बरंच कळतं. ती शून्यं शोधायची, हे माझं काम."

त्यानं शांतपणे पोळीचा घास संपवला. "मतलब तू दिवसभर बसून शून्य काढून राहिली."

"शोधून."

"आणि पेपरात पोरांना शून्य मिळालं की तू घरी येऊन चिडते."

दुसऱ्या दिवसापासून ते घरातलं कायमचं वाक्य झालं. मी कॉलेजातून आले की, "काय, सापडलं का?" नणंदेला फोनवर सांगताना, "वहिनी शून्य शोधतेय." आणि तिकडून नणंद, "अरे, ते तर आपल्या लोकांनी आधीच शोधून ठेवलंय ना?" मी हसायचे. कारण खरं सांगायचं तर वाक्य अगदी चूक नव्हतं.

एक गोष्ट मात्र नवऱ्याला माझ्या आधी कळली. गोल जोडताना सांध्यात पीळ द्यायचा, म्हणजे शेवटच्या चुंबकाला पहिला चुंबक जरा तिरपा दिसेल असं करायचं, हे गाइडनं मला गणितातून सांगितलं होतं. मी ते नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "आमच्या वडिलांच्या वेळी मशीनला चामड्याचे पट्टे असायचे. काही जण पट्ट्याला अर्धा पीळ देऊन जोडायचे. दोन्ही बाजू सारख्या झिजतात, पट्टा डबल चालतो."

"अगदी तेच! अर्ध्या पिळाला काय होतं, तेच मला बघायचंय."

"पीळ तर तुझ्यात आधीपासूनच आहे," तो म्हणाला. "सुंभ जळला तरी जाणार नाही."

मी प्रोग्राम लिहिला. लिहायला शिकण्यातच सहा महिने गेले, ते सोडून देऊ. पीळ नसताना अकरा ठिपके छान आले. पाच वर, त्यांच्या नेमके खाली पाच, जणू मधल्या आडव्या रेघेत आरसा ठेवलाय. आणि अकरावा, जोडीदार नसलेला, त्या मधल्या रेघेवरच. मग मी पीळ थोडा थोडा वाढवत गेले. ठिपके हळूहळू सरकायचे. मला त्यांची सवय झाली. कॉलेजातून आल्यावर दुपारी चहाचा कप घेऊन मी त्यांना सरकवत बसायचे. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा त्यांच्यात जास्त घडत होतं.

आणि अर्ध्या पिळाच्या जरा आधी एक ठिपका नाहीसा झाला. मधल्या रेघेवरचा, एकटा. त्याच्या पुढच्या कित्येक पायऱ्यांना दहाच. मी पुन्हा चालवलं, दहा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दहा. पीळ अर्ध्याच्या बराच पुढे नेला तर डावीकडे कुठूनसा एक नवीन ठिपका उगवला. म्हणजे एक मेला आणि दुसरा जन्मला!

मला वाटलं, मला काहीतरी सापडलं. खरंच वाटलं. तीन पानांचं टिपण लिहिलं आणि शीर्षकात उद्गारचिन्ह घातलं. माझ्या विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी लाल पेनानं ते खोडलं असतं.

गाइडनं तिन्ही पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इंटरेस्टिंग आहे, मॅडम," तो म्हणाला.

"बरोबर आहे ना?"

"इंटरेस्टिंग आहे. अजून थोडं करून देखा ना."

मी थोडं म्हणता म्हणता दोन महिने केलं. नऊ चुंबक घेतले, तर आठच ठिपके उरले. सात घेतले, तर सहा. दर आठवड्याला नवीन पानं घेऊन मी दोन मजले चढायचे, दर आठवड्याला तो ती नीट वाचायचा आणि म्हणायचा, "हं. इंटरेस्टिंग." एकदा मात्र समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात दोन शब्द लिहिलेले दिसले: 'टोक तपासा.' ते शब्द ओळखीचे वाटले. घरी येऊन भांडी लावताना आठवलं. हे माझेच शब्द. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मी हेच लिहायचे, म्हणजे एखादी संख्या फार मोठी किंवा फार लहान झाली तर तुझ्या उत्तराचं काय होतं ते बघ. त्याच्या वहीत तर दर पानावर लिहिलं असेल. मला वाटलं, जुन्या आठवणीनं गंमत केली असेल. मी कौतुकानं हसले आणि टोक काही तपासलं नाही.

मग एका संध्याकाळी आम्हाला एका लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. नवरा कारखान्यातून निघेना, म्हणून मीच साडी नेसून, लॅपटॉपची बॅग खांद्याला तशीच घेऊन, रिक्षानं पोलोग्राउंडला गेले. बघते तर सगळे खाली वाकलेले. एका बेअरिंगचा छर्रा, म्हणजे आतली पोलादी गोळी, हातातून निसटला होता. जुने मिस्त्री लेथच्या पायाशी बॅटरी घेऊन शोधत होते.

"तिथे काय शोधता, भिया?" नवरा म्हणाला. "जिथे पडला तिथे छर्रा कधी सापडतो का? तो सुटला की सीधा समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीकडे देखो."

मिस्त्री भिंतीकडे गेले. छर्रा भिंतीलगत, लोखंडाच्या किसात होता.

मी तिथेच थबकले. माझ्या प्रोग्रामला मी पहिल्याच दिवशी एक चौकट आखून दिली होती. मधल्या भागात, पाचापर्यंत, शून्य शोध. पलीकडे जाण्याचं कारणच नव्हतं, कारण सुरुवातीला सगळे ठिपके त्या चौकटीत गर्दी करून होते. ती चौकट मी नंतर कधी बदललीच नव्हती. दोन महिने मी लेथच्या पायाशीच शोधत होते.

"एक मिनिट," मी म्हटलं आणि ड्रिलशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"अगं, साडी! तेल आहे तिथे!"

मी पाचाच्या जागी पाचशे घातले. पंखा घरघरला, मग चित्र आलं. दहा ठिपके मध्ये एकमेकांत मिसळून एक चिमूटभर डाग झालेले, आणि दूर उजवीकडे, त्याच मधल्या रेघेवर, अकरावा. पीळ अर्ध्याच्या थोडा आणखी जवळ नेला, तो आणखी दूर पळाला. आणखी जवळ, आणखी दूर. नेमक्या अर्ध्या पिळाला तो दिसेना, कारण तो अनंताला गेला होता, त्याला पकडेल अशी चौकटच नाही. आणि अर्ध्याच्या एक पायरी पुढे, तो डावीकडे. फार फार लांब, पण येत होता. डावीकडे उगवलेला तो नवीन ठिपका नवीन नव्हताच.

नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. मिस्त्रीही आले. मी दोघांना दाखवलं, हा इथून गेला, आणि हा तिथून आला.

"उजवीकडून गेला आणि डावीकडून परत?" नवरा म्हणाला. "हा तर रिंग रोडवर निघालाय!"

मिस्त्रींनी गंभीरपणे मान हलवली. "जाम में फँसा होगा, इसलिए देर लगी."

खरं म्हणजे गणितातही तसंच मानतात. सरळ रेघेची दोन टोकं दूर अनंतात एकाच बिंदूत मिळतात. पण हे त्या दोघांना सांगायला मला शब्द सुचेनात, कारण मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. रिसेप्शनला पोचलो तेव्हा आइस्क्रीम संपलं होतं. पदराला काळा डाग पडला होता, तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोन मजले एका दमात चढले. गाइडला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण आश्चर्य नव्हतं. ते मला खटकलं.

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

तो उठला, फळ्याकडे गेला. त्या राशीतला सगळ्यात मोठा घात लिहिला आणि त्याच्यापुढचा गुणक. पीळ वाढवला की तो गुणक लहान होत जातो आणि अर्ध्या पिळाला शून्यच होतो. मोठा घात गेला की एक शून्य कमी, ते अनंताला गेलं. पुढच्या ओळीत ते किती वेगानं जातं, तेही. सगळं मिळून दोन ओळी. खडू ठेवून तो हात झटकत उभा राहिला, जसा मी त्याला पंधरा वर्षांपूर्वी उभं करायचे तसा.

"कधीपासून माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं, मॅडम. अंदाज होता."

"कधीपासून?"

"तुमी पहिलं टिपण आणलं तेव्हापासून."

दोन महिने! मी खुर्चीत बसले. "मग बोलला का नाहीस?" 'सर' आणि 'तुम्ही' दोन्ही खिडकीतून बाहेर गेले.

तो फळ्याकडे बघत म्हणाला, "तुमाला चूक कसं म्हणणार? मी लिहिलं होतं ना, टोक तपासा."

"पेन्सिलनं! एवढ्याशा अक्षरात! तुझ्या वहीवर मी कधी पेन्सिलनं लिहिलं होतं का?"

"नाही, मॅडम. लाल पेननं."

"मग?"

मला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. बावीस वर्षं मुलांनी मला सांभाळून घेतलं असेल का, असा विचार मनात आला. मी चुकले तरी समोरचा मान खाली घालून 'हो मॅडम' म्हणत असेल, तर मला नवीन काय कळणार होतं? त्याच्या टेबलावर पेनांचा डबा होता. त्यातलं लाल पेन काढून मी त्याच्यासमोर ठेवलं. "यापुढे चूक असेल तिथे 'चूक' लिहायचं. नाही लिहिलंस तर मी गाइड बदलते."

तो हसला. मग मीही. आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं माझ्या दुसऱ्या प्रकरणावर इतक्या उत्साहानं 'चूक', 'चूक', 'हे कुठून आलं?' लिहिलं की मला थोडा पश्चात्ताप झाला. पण काम भराभर पुढे सरकलं. पळालेल्या शून्याला प्रबंधात दीड पान मिळालं. दोन ओळी त्याच्या, बाकीची चित्रं माझी.

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक वयस्कर बाई आल्या होत्या. या विषयातल्या जाणकार. माझं बोलणं ऐकता ऐकता त्या हसल्या. मी इंग्रजीत सांगत होते, पण अडले की "मतलब" आणि "वो तो है ही" आपोआप निघत होतं.

"तुमची मातृभाषा कोणती?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मराठीच आहे," मी म्हटलं. "जरा फिरून आलेली आहे."

सगळे हसले. मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला माझा नवरा सगळ्यात मोठ्यानं. बाईंनी दीड पानाबद्दल विचारलं, मी फळ्यावर ठिपका उजवीकडे पळवला आणि डावीकडून परत आणला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळीकडे विषम संख्या घेतलीय. बारा चुंबक असते तर?"

बारा मी केलंच नव्हतं. समोर बसलेल्या गाइडकडे पाहिलं. त्यानं मान एवढीशी हलवली, त्यालाही माहीत नव्हतं. यावेळी खरंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"छान," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेली डिग्री. पण त्यांनी सही केली. बाहेर चहा पिताना म्हणाल्या, "आज मला एवढंच उत्तर सरळ मिळालं. आता बघा काय होतं ते, आणि मला कळवा."

कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी पेढे मागितले, नवऱ्यानं कारखान्यात कचोऱ्या वाटल्या. मला आता कुणी काही विचारणार नव्हतं. तरी पुढच्या सोमवारी दुपारी मी चहाचा कप घेऊन बसले आणि बारा चुंबक मांडले. या वेळी चौकट सुरुवातीपासूनच मोठी ठेवली.

पीळ वाढवत गेले. अर्ध्या पिळाकडे जाताना एक नाही, दोन ठिपके निघाले, एक सरळ वर, एक सरळ खाली, एकमेकांपासून दूर. दोघेही अनंताला गेले. मी पीळ पुढे नेला आणि श्वास रोखून वर आणि खाली बघत राहिले. तिकडे कुणीच आलं नाही. मग नजर बाजूला गेली. ते आडव्या रेघेवर होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, लांबून सावकाश परत येत होते. वर-खाली गेलेले आडवे होऊन परतले होते.

हे फार मोठं नाही. गाइडनं दोन दिवसांत ते तीन ओळींत बसवलं आणि माझ्या चित्राच्या खाली लाल पेननं लिहिलं, 'अक्षांना नावं द्या.' मी नावं दिली आणि ते चित्र पुण्याच्या बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. एकच ओळ होती: "मला वाटलं होतं ते गेले तसेच परत येतील, मी चुकले."

तो मेल मी नवऱ्याला वाचून दाखवला. पुण्याच्या एवढ्या मोठ्या बाईंनी स्वतःहून असं लिहिलंय म्हणून त्यानं तो दोनदा वाचायला लावला. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.